केस लावायला परदेशी जाणं: कोणी जाऊन आलंय का?

विरळ_राजा:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचक आहे, पहिलाच धागा, सांभाळून घ्या. वय 28. पुढचे दोन्ही कोपरे केव्हाच मागे गेलेत, आता भोवऱ्यावर पण चकती दिसायला लागलीय, लिफ्टमधल्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर स्वतःचं डोकं वरून दिसलं की दिवस खराब जातो. ऑफिसातला एक मित्र इस्तंबूलला जाऊन केस लावून आला, अजून वर्ष व्हायचंय पण आत्ताच बरं दिसतंय. पॅकेजमध्ये हॉटेल, विमानतळावरून ने-आण, दुभाषी सगळं आलं. मग मीही काही क्लिनिकना व्हॉट्सॅपवर फोटो पाठवले. एकाचं चहा संपायच्या आत उत्तर, 4500 ग्राफ्ट (मागून मुळासकट काढून पुढे लावायचे केसांचे पुंजके), एका दिवसात, आजीवन गॅरंटी, या आठवड्यात बुक केलंत तर सूट. जावं का? की एवढ्या लांब न जाता जवळच करून घ्यावं? स्वतःचा अनुभव असेल तर प्लीज सांगा. आणि 'टक्कलच छान दिसतं' असलं सांत्वन नको, ते आई करते.

खवचट_काका:
टक्कलच छान दिसतं.

चकाकी:
खुर्ची टाकून बसलोय. मला काही लावायचं नाहीये, लावायला शेजारीपाजारीच कोणी उरलं नाही.

उंडग्या:
मी जाऊन आलोय, इस्तंबूललाच, वर्ष उलटून गेलंय. सविस्तर लिहितो.

सकाळी हॉटेलातून उचललं. रक्त घेतलं (एचआयव्ही, कावीळ बी-सी वगैरे), मग डॉक्टर आले, मार्करने कपाळावर रेघ मारली. मी म्हटलं अजून खाली घ्या, ते म्हणाले नाही, पन्नाशीत विचित्र दिसेल. मग पूर्ण हजामत. पालथं झोपवलं आणि भुलीची इंजेक्शनं, सगळ्या दिवसात खरं दुखलं ते एवढंच, डोळ्यातून पाणी आलं. त्यानंतर काही कळत नाही, नुसता पंचचा (केस मुळासकट कातून काढायचं नळीसारखं अवजार) बारीक घर्र आवाज आणि मागे लोक आपल्या भाषेत आकडे मोजतायत. मध्ये जेवण. मग उताणं झोपून पुढे चिरा पाडणं आणि एकेक ग्राफ्ट बसवणं. सकाळी आत गेलेला माणूस बाहेर आलो तेव्हा अंधार पडला होता.

रात्री मानेखाली उशी घेऊन अर्धं बसूनच झोपायचं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून डोकं धुऊन देतात आणि कसं धुवायचं ते शिकवतात. त्यानंतर सूज उतरायला लागते, म्हणजे कपाळावरून खरोखर खाली उतरते, एका सकाळी डोळे उघडेनात. विमानतळावर मात्र अजिबात एकटं वाटलं नाही, प्रत्येक रांगेत कपाळाला काळा पट्टा बांधलेले लालबुंद डोक्याचे पाच-सहा जण. कोणी कोणाकडे बघत नाही, सगळ्यांना सगळं माहीत असतं.

दोनेक आठवड्यात खपल्या गेल्या. मग लावलेले बहुतेक केस गळून गेले, ते गळतातच, मुळं आत राहतात, पण कोणी आधी सांगितलं नसेल तर हाय खाल. तीन-चार महिने आधीपेक्षा वाईट दिसत होतो. मग हळूहळू. आता मी समाधानी आहे.

शिखंडी_नव्हे_शिखाधारी:
@उंडग्या भारी लिहिलंय. टर्किश एअरलाइन्सचं नाव टर्किश हेअरलाइन्स पडलंय ते उगाच नाही =))

कातडी_डॉक्टर:
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, ट्रान्सप्लांट स्वतः करत नाही, तेव्हा गिऱ्हाईक ओढतोय म्हणू नका.

देश कुठला हे नंतर बघू, आधी निदान झालंय का? सगळे केस एकाच कारणाने गळत नाहीत. पुरुषी टकलात टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं संप्रेरक तयार होतं आणि कपाळावरची, भोवऱ्यावरची मुळं त्याच्यामुळे बारीक होत जातात. डोक्याच्या मागच्या पट्ट्यातली मुळं त्याला दाद देत नाहीत, आणि उचलून पुढे लावली तरी आपला स्वभाव सोडत नाहीत. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ऑरेंट्राइश यांनी हे 1950 च्या दशकात करून बघितलं, 1959 साली छापलं, आजचा सगळा धंदा त्या एका निरीक्षणावर चाललाय. पण मोठ्या तापानंतर किंवा अघोरी डाएटनंतर जे गळतात ते बहुतेक वेळा आपसूक परत येतात. चाई (चकत्या-चकत्यांनी केस जाण्याचा आजार) असेल तर लावलेलेही जाऊ शकतात. आणि ज्यात आत व्रण होऊन मुळंच मरतात तो आजार चालू असताना कोणी सुई लावली तर बोंब. यातलं काहीही व्हॉट्सॅपच्या फोटोवरून नक्की सांगता येत नाही, डर्मोस्कोप (कातडी मोठी करून दाखवणारं भिंग) लावून डोकं बघावं लागतं, कधी बायॉप्सी.

दुसरं म्हणजे वय. 28 ला तुमचं टक्कल कुठवर जाणार ते कोणीच सांगू शकत नाही. लावलेले केस राहतील पण त्यांच्या मागचे तुमचे मूळचे जातच राहतील. औषध न घेता नुसती पुढची रेघ भरून आलात तर काही वर्षांनी पुढे केसांची पट्टी, मग मोकळी जागा, मग भोवरा. ते झाकायला परत ऑपरेशन.

विरळ_राजा:
@उंडग्या खूप खूप धन्यवाद. @डॉक, म्हणजे औषध जन्मभर? आणि त्या गोळीने 'तो' त्रास होतो म्हणतात त्याचं काय.

कातडी_डॉक्टर:
फिनास्टेराइड, रोज 1 मिग्रॅ, पुरुषी टकलासाठी अमेरिकेत 1997 पासून मान्य. कामेच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं असे त्रास थोड्या लोकांना होतात, बहुतेकांचे गोळी बंद केल्यावर जातात, काहींचे रेंगाळल्याच्या तक्रारी आहेत, उदास वाटणं पण नोंदलं गेलंय. म्हणून स्वतःच्या मनाने सुरू करू नका. पुढे कधी प्रोस्टेटची पीएसए तपासणी केलीत तर गोळी चालू आहे हे सांगा, आकडा साधारण निम्मा येतो. घरात गरोदर बाई असेल तर तिने तुटलेल्या गोळीला हात लावायचा नाही. आणि हो, बंद केली की फायदाही काही महिन्यात ओसरतो.

सोबतीला मिनॉक्सिडिल, मूळचं ब्लडप्रेशरचं औषध, खाणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून मग डोक्याला चोळायचं काढलं.

मनीमाऊची_आई:
मिनॉक्सिडिलवरून, घरात मांजर असेल तर जपून!! मांजरांना ते विषारी आहे, थोडंसं चाटलं तरी जीव जाऊ शकतो. उशीवर सांडलेलं, हाताला राहिलेलं, सगळं आलं यात. लावल्यावर हात धुवा आणि मांजराला डोक्याशी झोपू देऊ नका.

खवचट_काका:
म्हणजे केस किंवा मांजर. मी मांजर घेईन.

नंदिनी_के:
बायकांचं कोणी बोलणार का? माझा भांग रुंद होत चाललाय, मलाही पॅकेजच्या जाहिराती येतात.

गणिती_गोम:
मला वैद्यकातलं कळत नाही पण गुणाकार येतो. मूळ डोक्यावर दर चौरस सेंटीमीटरला 80 ते 100 युनिट असतात (एका युनिटमध्ये एक ते चार केस, ग्राफ्ट म्हणतात तो हाच), लावताना 40 च्या आसपास बसवतात, तेवढ्याने डोळ्याला भरलेलं वाटतं. नॉरवुडच्या मापात (टक्कल किती पसरलंय ते सात पायऱ्यांत मोजतात) सहाव्या पायरीचं टक्कल साधारण 200 चौरस सेंटीमीटर. 200 गुणिले 40 म्हणजे 8000. आणि मागून सुरक्षितपणे आयुष्यभरात निघतात बहुतेकांचे पाच-सहा हजार, काढले की तिथे परत येत नाहीत. आता धागाकर्ते एका दिवसात 4500 देऊन आले आणि मग सहाव्या पायरीला पोचले तर उरलेलं कुठून आणणार?

खवचट_काका:
दाढीतून.

कातडी_डॉक्टर:
काका, विनोद नाही, दाढीचे खरंच काढतात. जाड असतात म्हणून मागे भर द्यायला चालतात, पुढच्या रेघेत लावले तर लगेच कळतं. गोमराव, गणित बरोबर आहे.

शांत_नदी:
माझ्या धाकट्या दिराचं सांगते, देश आणि क्लिनिक मुद्दाम लिहीत नाही. पॅकेजच होतं. साइटवर ज्या डॉक्टरचे फोटो होते ते सकाळी येऊन हात मिळवून गेले, बाकी सगळं करणारे कोण होते ते त्याला आजही माहीत नाही. सांगितले त्यापेक्षा जास्त ग्राफ्ट काढले, 'बोनस' म्हणाले! पुढे उगवले बरे, खोटं कशाला बोलू. पण मागचा भाग कसर लागल्यासारखा झालाय, बारीक केस ठेवले की पांढरे ठिपके दिसतात. आता तो मागचे लांब ठेवतो आणि न्हावी बदलत राहतो. तक्रार केली तर म्हणाले गॅरंटी आहे, या, फुकट परत करून देतो. परत करायला मागे केस कुठायत? आणि तिकीट स्वतःचं.

उंडग्या:
वाईट झालं ताई. पण एकाच्या अनुभवावरून सगळा देश मोडीत काढू नये असं मला वाटतं. तिथे रोज इतकी ऑपरेशनं होतात की हात बसलेला असतो. जवळच्या क्लिनिकमध्ये आठवड्यातून एखादं ऑपरेशन करणाऱ्याकडे जाण्यापेक्षा ते बरं नाही का? माझंही बरंचसं काम टेक्निशियननीच केलं, डॉक्टर रेघ मारायला आणि चिरा पाडायला होते.

कातडी_डॉक्टर:
उंडग्या, तुमच्याच वाक्यात उत्तर आहे, चिरा डॉक्टरनी पाडल्या. केस कुठल्या कोनात येणार, किती दाट, सगळं त्या चिरांवर ठरतं, पुढच्या रेघेला केस जवळजवळ आडवा निघायला हवा आणि तिथे एकेका केसाचेच ग्राफ्ट हवेत. तयार चिरेत ग्राफ्ट बसवायला टेक्निशियन असणं यात गैर काही नाही, जगभर तसंच चालतं. पंच मारून काढणं आणि चिरा पाडणं ही मात्र शस्त्रक्रिया आहे. ती परवाना नसलेल्यांकडून होते म्हणून केस-शल्यचिकित्सकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं, आयएसएचआरएसनं, जाहीर मोहीमच चालवलीय. आणि हे फक्त तुर्कस्तानात होतं असं कोणी समजू नये, कुठल्याही देशात होतं. भुलीच्या औषधाला वजनानुसार कमाल मर्यादा असते, दिवसभर टोचत राहिलं की ती ओलांडली जाऊ शकते, त्या वेळी खोलीत डॉक्टर नसेल तर काय करणार?

'हात बसलेला' या शब्दांबद्दल: हात बसतो, मान्य. कोणाचा बसलाय तेवढं विचारा.

चकाकी:
+१ डॉक.

शिखंडी_नव्हे_शिखाधारी:
अवांतर: लपवायचं कसं याची सगळ्यांना चिंता, पण इटलीचे तेव्हाचे पंतप्रधान बर्लुस्कोनी आठवतात का? 2004 च्या उन्हाळ्यात ब्रिटनचे पंतप्रधान टोनी ब्लेअर इटलीतल्या सार्डिनिया बेटावर आले होते तर हे डोक्याला पांढरा रुमाल बांधून त्यांच्याबरोबर फिरले, जगभर फोटो. कारण केस लावले होते. आणि फुटबॉलवाल्या वेन रूनीने तर 2011 मध्ये स्वतःच ट्विटरवर सांगून टाकलं. सांगून टाकणं सोपं पडतं.

अर्ध_चंद्र:
मीही सांगूनच टाकलं होतं ऑफिसात. दोन दिवस चेष्टा झाली, तिसऱ्या दिवसापासून एकेक जण बाजूला घेऊन हळूच क्लिनिकचं नाव विचारायला लागला.

टोपीवाला:
सफायर एफयूई की डीएचआय? कुठलं चांगलं? सगळे वेगळं सांगतात.

अर्ध_चंद्र:
दोन्ही एफयूईच की, म्हणजे मागून एकेक ग्राफ्ट सुटा काढणं. सफायर म्हणजे चिरा पाडायचं पातं नीलमचं, स्टीलचं नाही. डीएचआय म्हणजे पेनसारख्या अवजाराने चीर पाडणं आणि ग्राफ्ट घालणं एकदम. मागून काढायची पद्धत तीच, साधारण मिलिमीटरभराचा पंच. एफयूटी तेवढी वेगळी, त्यात मागची कातडीची पट्टी कापून टाके घालतात, एक लांब रेघ राहते, मागचे केस अगदी बारीक ठेवणाऱ्याला नाही जमत पण बऱ्याच जणांना त्यात जास्त चांगले ग्राफ्ट मिळतात. एफयूईला व्रण नाही असं जाहिरातीत असतं ते खोटं, शेकडो बारीक ठिपके असतात, फक्त चटकन दिसत नाहीत.

टोपीवाला:
मस्त, मला सफायर म्हणजे डोक्यात रत्न बसवतात वाटलं होतं.

कागदपत्रे_संभाळा:
मी विम्यात काम करतो त्यामुळे कंटाळवाणं लिहिणार, वाचा. केस लावणं कॉस्मेटिक धरतात, त्यामुळे आरोग्य विम्यात सहसा बसत नाही. प्रवास विम्यातही ठरवून केलेल्या ऑपरेशनमधून उद्भवलेली गुंतागुंत बहुधा वगळलेली असते, पॉलिसीतलं ते पान शोधून वाचा. परत आल्यावर पू झाला, कातडी काळी पडली तर जवळचा डॉक्टर दुसऱ्याने केलेल्या कामाला हात लावायला नाखूश असतो, म्हणून जायच्या आधीच एकाला विचारून ठेवा. तिथून निघताना किती ग्राफ्ट काढले, कुठली औषधं दिली, कोणी केलं हे सही-शिक्क्यासकट आपल्याला वाचता येईल अशा भाषेत लिहून घ्या. तुर्कस्तानात परदेशी रुग्ण घ्यायला तिथल्या आरोग्य मंत्रालयाचं आरोग्य पर्यटनाचं वेगळं प्रमाणपत्र लागतं, ते मागा. आणि ज्याच्याशी तुम्ही व्हॉट्सॅपवर बोलताय तो क्लिनिकचा आहे की कमिशनवाला एजंट आहे? पैसे कोणाच्या खात्यात जातायत त्यावरून कळतं.

आजीवन गॅरंटी कोणाच्या जीवनाची तेही विचारा. क्लिनिकं नावं बदलतात.

खवचट_काका:
शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो. केस नाहीत तिथे.

विरळ_राजा:
मंडळी, उशीर झाला, पण मधे बरंच केलं. सगळ्यांनी सुचवलेले प्रश्न क्लिनिकना पाठवले. चिरा कोण पाडणार, दिवसाला किती रुग्ण घेता, माझ्या मागच्या भागाची दाटी मोजल्याशिवाय 4500 कुठून आणले. त्या चटकन उत्तर देणाऱ्याचं उत्तर, 'आमची अनुभवी मेडिकल टीम सर.' परत विचारलं तर सूट वाढवली!! अजून विचारलं असतं तर बहुतेक फुकटच केलं असतं.

दुसऱ्या एका ठिकाणी खुद्द डॉक्टर व्हिडिओवर आले, केस ओले करून दाखवायला सांगितले, घरात कोणाकोणाला टक्कल आहे विचारलं. वडील आणि दोन्ही मामा म्हटल्यावर म्हणाले आत्ता करणार नाही. आधी वर्षभर औषध घ्या, गळणं थांबतंय का बघू, मग फक्त पुढचा भाग, 2200 च्या आत, भोवऱ्याला आत्ता हात नाही. हे महाग आहेत आणि तारीखही लांबची. खरं सांगू, फोन ठेवल्यावर चिडचिड झाली, मला या सुट्टीतच उरकायचं होतं.

अर्ध_चंद्र:
चिडचिड होणारच. पण मला पहिल्याचा राग येतोय, दुसऱ्याचा नाही.

उंडग्या:
मी तिथे जाण्याच्या बाजूचा माणूस, तरी सांगतो, दुसऱ्याकडेच जा, थांबा वर्षभर. माझ्या डॉक्टरनी रेघ खाली घेतली नाही म्हणून मी तेव्हा त्यांच्यावर वैतागलो होतो, आज आरशात ती रेघच बरोबर वाटते. भोवऱ्याचं पण खरं आहे, तिथे निकाल यायला दीड वर्षही लागतं आणि ग्राफ्ट कितीही घाला, पुरत नाहीत.

शांत_नदी:
माझ्या दिराला असं नाही म्हणणारा कोणी भेटायला हवा होता.

शेंडीवाला_बाब्या:
वर्षभर तोवर केराटिनचे फायबर (केसांसारखे दिसणारे बारीक तंतू) शिंपडा की. कोपऱ्यांना नाही चालत पण भोवऱ्याला एकदम झकास. फक्त पावसात छत्री आणि पांढऱ्या उशीपासून लांब.

नंदिनी_के:
मी वर विचारलं होतं, मांजराला उत्तर मिळालं मला नाही :(

कातडी_डॉक्टर:
नंदिनीताई, माफ करा, राहिलं खरं. बायकांमध्ये बऱ्याचदा केस सगळीकडूनच विरळ होतात, मागचा भागही, मग काढायचे कुठून? म्हणून बहुतेकींना ट्रान्सप्लांट बसत नाही. घट्ट वेण्या-अंबाड्याने कानशिलाजवळचे गेलेत, जन्मतःच कपाळ मोठं आहे, किंवा जुना व्रण आहे, अशांना चांगला उपयोग होतो, आणि पूर्ण हजामत न करताही करता येतं. तुमचा भांग रुंद होतोय तर पॅकेजवाल्यांना फोटो पाठवायच्या आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड तपासा, पाळी अनियमित असेल तर तेही सांगा डॉक्टरांना. फिनास्टेराइड मुलाबाळांच्या वयात नाही घ्यायचं. मिनॉक्सिडिलही गरोदरपणात किंवा दूध पाजत असताना नाही.

नंदिनी_के:
धन्यवाद डॉक. थायरॉइडची गोळी आधीपासून आहे, पण डोस तपासून बरेच दिवस झालेत. फेरिटिन कोणी कधी सांगितलंच नव्हतं. उद्याच देते रक्त.

विरळ_राजा:
पहिल्याला नाही कळवून टाकलं, तरी त्याचे मेसेज चालूच आहेत. त्वचेच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, गोळीचं तिथेच बोलतो. @उंडग्या एक राहिलं, पुढेमागे गेलोच तर परत येताना विमानात बसायला किती दिवस थांबलात? आणि टोपी चालते का?

उंडग्या:
साधारण दोन-तीन दिवसांनी सोडतात, तुमचे डॉक्टर सांगतील तसं, मी सूज थोडी उतरू दिली. टोपी सुरुवातीला एकदम सैल, कडा ग्राफ्टला न लागणारी, तीच क्लिनिकवाले देतात. डोक्यावरून घालायचे टीशर्ट नेऊ नका, पुढे बटणं असलेले शर्टच न्या. पाण्याची बाटली सारखी जवळ. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खिडकीची सीट घ्या आणि वरच्या कप्प्यातली बॅग दुसऱ्या कोणाला तरी काढायला सांगा. माझ्या पुढच्या रांगेतला एक जण उभा राहिला तो थेट कप्प्याच्या झाकणाला डोकं आपटून, पाच-सहा पट्टेवाले एकदम कळवळले.